जुन्या वळणाचे पाणी

"हाच का तो उगम?" फ्राऊ यान्सनने विचारले आणि हातातला नकाशा फिरवून पुन्हा सरळ केला.

वेंडेलिन क्राट्झ काठीवर दोन्ही हात टेकून उभा होता. वनरस्ता संपतो तिथून इथवरचा चढ काही फार नव्हता, पण त्याला धाप लागली होती. बाईला ते कळू नये म्हणून तो तोंड मिटून नाकाने श्वास घेत होता. समोर शेवाळलेल्या दगडांच्या बेचक्यात ताटाएवढी ओल होती. त्या ओलीतून पाण्याची एक बारीक दोरी निघून पाचोळ्याखाली शिरत होती.

"हाच," तो म्हणाला. "तुम्हाला काय, कारंजं वाटलं होतं?"

"नकाशात रेघ चांगली जाड आहे."

"नकाशा काढणारा पावसात आला असेल."

ती हसली. जिल्ह्याच्या जलखात्यातली ही इंजिनियर पंचेचाळिशीची, उत्तरेच्या सपाट किनाऱ्यावरची. तिचे बोलणेही तसेच होते, चढउतार नसलेले. आमच्याकडे पाणी वाहत नाही, बसून असते, असे तिने गाडीतच सांगितले होते. रात्री वेंडेलिनला झोप लागली नव्हती आणि सकाळपासून त्याचे अंग आंबल्यासारखे झाले होते.

तिचे पत्र तीन आठवड्यांपूर्वी आले होते. क्रेब्सबाख ओढ्याला पुढच्या उन्हाळ्यात त्याची जुनी वळणे परत द्यायची आहेत. एकोणऐंशी साली जमिनीची फेरमांडणी झाली तेव्हा ओढा सरळ करण्यात आला. त्या कामावर असलेल्या माणसांपैकी आपण एकटेच हयात आहात, तरी जुने पात्र दाखवायला याल का? वेंडेलिनने पत्र वाचून भिंतीवरच्या घड्याळामागे सरकवून दिले होते. पण मग तिचा फोन आला, आणि फोनवर नाही म्हणणे त्याला जन्मात कधी जमले नव्हते.

दोघे ओढ्याच्या काठाने उतरू लागले. उतरणे चढण्याहून वाईट होते. त्याचा उजवा गुडघा प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. जंगलही पूर्वीचे राहिले नव्हते. सालीतल्या किड्याने स्प्रूसची झाडे उभ्याउभ्या वाळवली होती, मग ती तोडून नेली होती, आणि जिथे भर दुपारी अंधारून यायचे तिथे आता उघड्या टेकडीवर नुसती खोडे उरली होती. ओढ्याला सावली राहिली नव्हती. तरी तो वाहत होता. एका मुळाला वळसा, एका दगडावरून छोटी उडी, मग पायाच्या घोट्याएवढा डोह, मग पुन्हा वळसा.

"इथपर्यंत तुम्ही हात लावला नव्हता," यान्सनबाई म्हणाल्या.

"इथे यंत्र चढलं नसतं. नाहीतर लावलाच असता."

जंगलाची कड आली. कुंपणापलीकडे कुरण सुरू झाले आणि ओढा एकदम शिस्तीत आला. दोन्ही काठ दगडांनी बांधलेले, मधून पट्टी ठेवून आखल्यासारखी पाण्याची रेघ, थेट खालच्या हाइनरोड गावापर्यंत. वेंडेलिन थांबला. ही रेघ त्याने ओढली होती. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याच्या हाताखाली नवेकोरे पोकलेन होते. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याची आई शेजारणींना घेऊन कुरणात आली होती. बघा, माझ्या वेंडेलिनने केले, दोरी लावून ताणल्यासारखे. शेजारणी स्कर्ट सावरत दव तुडवत आल्या होत्या आणि त्यांनी माना डोलावल्या होत्या.

"छान काम होतं," यान्सनबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "वाईट कल्पना, पण काम छान."

"त्या वेळी कल्पना पण चांगलीच वाटत होती."

कुरणाच्या खालच्या टोकाला, गावातले पहिलेच घर लागते तिथे, बाईने नकाशा दगडावर पसरला आणि त्यावर बोट ठेवले. "इथे मोठं वळण होतं. पूर्ण घोड्याच्या नालेसारखं. ते बुजवून प्लॉट पाडला आणि हे घर झालं. होमान, बरोबर?"

"होमान. आता ती एकटीच असते. लीओबा."

"या बुजवलेल्या पात्रात निचऱ्याचा पाइप दाखवलाय. साठ मीटर, खडीच्या थरात. आमचा सगळा हिशेब त्या पाइपवर आहे, हेर क्राट्झ. ओढ्याचं पात्र आम्ही वर उचलणार, म्हणजे आजूबाजूचं भूजलही वर येणार. पाइप असेल तर घराला काही होणार नाही. नसेल तर बाईंच्या तळघरात गुडघाभर पाणी उभं राहील, आणि ते बाराही महिने." तिने वर पाहिले. "इथे यंत्रावर तुम्हीच होतात ना? पाइप घातला होता?"

"जरा बसतो," वेंडेलिन म्हणाला.

तो काठाच्या दगडावर बसला. पाय पाण्याकडे सोडले.

तो शुक्रवार होता. पाइपचा ट्रक सकाळी यायचा होता, तो दुपारपर्यंत आला नव्हता. सोमवारी सगळ्यांना दुसऱ्या गावच्या कामावर हजर व्हायचे होते. रुपेल मुकादमाने घड्याळ पाहिले, त्या मोठ्या वळणाकडे पाहिले आणि म्हणाला, "बुजव."

"पाइप?"

"कसला पाइप? वरून माती ओढली की सगळं सारखंच दिसतं. बुजव म्हणतो ना."

वेंडेलिनची बायको बुर्गा तेव्हा सातव्या महिन्यात होती. नोकरी लागून वर्ष झाले नव्हते. त्याने आधी झाडांचे बुंधे ढकलले, मग दगडगोटे, मग चिकणमाती, आणि वर सुपीक मातीचा हातभर थर. काठावरचे बेडूक उड्या मारत पळाले. संध्याकाळी पाच वाजता तिथे ओढा होता हे कुणाला सांगूनही पटले नसते. रुपेलने कागदावर पाइपच्या रकान्यात खूण केली आणि सगळ्यांना बिअर पाजली.

पुढच्या वर्षी तो प्लॉट आल्फोन्स होमानने घेतला.

आल्फोन्स गवंडी होता. साधासुधा नव्हे, परीक्षा देऊन मास्टर झालेला. दिवसभर लोकांची घरे बांधायची आणि संध्याकाळी स्वतःचे, असे करत दोन वर्षांत त्याने एकट्याने ते घर उभे केले. भिंतीवर ओळंबा सोडला की सुताइतका फरक निघायचा नाही. मग मार्चमध्ये बर्फ वितळले आणि तळघरात पाणी आले. त्याने गिलावा उकलून पुन्हा केला. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पाणी. त्याने डांबर लावले. पुन्हा पाणी. बाहेरून चर खणला, पायाला दुहेरी लेप दिला. चार वेळा.

गावाला आयता विषय मिळाला. गांगोल्फ म्युलेरने दारूच्या गुत्त्यात त्याचे नाव नोहा ठेवले, बायबलातल्या महापुरात जनावरांना नावेत घेणाऱ्या नोहावरून. "काय रे नोहा, जनावरं चढली का सगळी? जिराफाला मान वाकवावी लागत असेल!" पहिली काही वर्षे आल्फोन्स स्वतःही हसायचा. मग हळूहळू लोकांनी त्याला तळघराची कामे द्यायची बंद केली, मग भिंतींची. ज्याचे स्वतःचे घर तरंगते त्याच्याकडून कोण बांधून घेणार? शेवटी तो शहरात दुसऱ्याच्या हाताखाली विटा रचायला जाऊ लागला. पहाटे पाचच्या बसने.

वेंडेलिन गावच्या अग्निशामक दलात होता. दर मार्चमध्ये तोच पंप घेऊन होमानच्या तळघरात उतरायचा. पाणी उपसून झाले की आल्फोन्स दोन लहान पेले भरायचा. "तू नसतास तर बुडालो असतो बघ, वेंडेलिन." गुरुवारी ते दोघे एकाच टेबलावर स्काट खेळायचे. पत्ते वाटताना वेंडेलिनच्या मनात कितीदा यायचे की आज बोलून टाकू. पहिल्या वर्षी नोकरीची भीती होती. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी का बोलला नाहीस याचे उत्तर नव्हते. दहाव्या वर्षी तर ते उत्तर डोंगराएवढे झाले होते. त्याने बुर्गालाही कधी सांगितले नाही. आल्फोन्सला जाऊन अकरा वर्षे झाली होती, बुर्गाला तीन.

"हेर क्राट्झ?"

"पाइप नाही," वेंडेलिन म्हणाला.

"म्हणजे कुठे आहे ते आठवत नाही?"

"घातलाच नाही. मीच बुजवलं. बुंधे आहेत खाली, आणि दगड."

यान्सनबाईंनी नकाशाची घडी घातली. घराकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "हे लिहून द्याल?"

"देईन. पण आधी त्या घरात जाऊन येतो. तुम्ही नका येऊ."

"मी गाडीत बसते. सावकाश या."

लीओबा स्वयंपाकघरात जांभळ्या प्लमच्या बिया काढत बसली होती. टेबलावर केकचा मोठा पत्रा तयार होता. त्यावर थापलेले पीठ फुगून आले होते.

"दार उघडंच आहे," ती आतून ओरडली. "बूट काढ. आणि एवढा पांढराफटक का झालायस? बस. कॉफी देऊ?"

"नको."

"नको? तू? मग कोण मेलं?"

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याउभ्याच त्याने सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही. चव्वेचाळीस वर्षे जे घशात अडकले होते ते चार वाक्यांत संपले, याचेच त्याला नवल वाटले.

लीओबाने आणखी तीन प्लम चिरले. चौथ्यावर सुरी थांबली.

"रुपेलला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं. आणखी कुणाला?"

"बाकीच्यांना पण असेल. ते कधी बोलले नाहीत."

"आणि तू पंप घेऊन यायचास."

"हो."

"आमच्या पोरीच्या, बेआटेच्या पहिल्या कम्युनियनला चर्चमधून येऊन बाहेर पाहुणे बसले होते आणि आल्फोन्स नव्या पँटवर खाली बादल्या भरत होता. तू त्याला बादली हातात देत होतास."

"हो, लीओबा."

"आणि केक पण खाल्लास."

लीओबाने हात फडक्याला पुसले. एकेक बोट पुसले. मग उठली.

"चल खाली."

"माझा गुडघा..."

"माझे दोन्ही गेलेत. चल."

कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ते उतरले. तिने दिवा लावला. वेंडेलिन या तळघरात चाळीस वेळा आला असेल, पण दरवेळी पाण्यात, अंधारात, हातात पंपाची नळी घेऊन. भिंतीकडे त्याने कधी पाहिले नव्हते, किंवा पाहायचे टाळले होते. आता पाहिले. कोपऱ्यात फरशीपासून वर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख, आल्फोन्सच्या सुवाच्य अक्षरात. त्र्याऐंशीचा मार्च. अठ्ठ्याऐंशीचा मार्च. पंच्याण्णवचा जानेवारी.

लीओबाने तळवा भिंतीवर आपटला. "हात लाव. लाव म्हणते ना! कुठे खडबडीत लागतंय? कुठे पोकळ वाजतंय?"

त्याने हात फिरवला. गिलावा काचेसारखा होता. पाणी भिंतीतून आलेच नव्हते. ते फरशीखालून, बुजवलेल्या पात्रातून वर यायचे. जी जागा मुळात पाण्याचीच होती तिथे ते येत होते.

"शेवटच्या आठवड्यात," लीओबा म्हणाली, "दवाखान्यात त्याला मॉर्फिन चालू होतं. माणसं ओळखत नव्हता. पण हात चालायचा. चादरीवर असा, थापी फिरवल्यासारखा. गिलावा करत होता. आणि मला म्हणाला, लीओबा, कोपऱ्यात कुठेतरी चुकलंय माझं. सापडत नाही."

वेंडेलिनने भिंतीला पाठ टेकली.

"कोपरा बरोबर आहे," तो म्हणाला. "भिंत एकदम बरोबर आहे."

"मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं. मी त्याचं काम रोज बघत होते." तिचा आवाज चढला नाही, उलट थकल्यासारखा उतरला. "रविवारी त्या ओढ्याची सभा आहे ना? तिथे सांग. ज्या ज्या तोंडांनी त्याला नोहा म्हटलं त्यांना सांग."

"त्यातले बरेचसे गेले गं."

"मग उरलेल्यांना सांग."

"लीओबा, मला माफ..."

"ते आत्ता विचारू नकोस. माझं पीठ फुगून बसलंय. वर हो. आणि दिवा बंद कर."

रविवारी प्रार्थना संपल्यावर अकरा वाजता अग्निशामक दलाच्या सभागृहात चाळीसएक माणसे जमली. निम्म्यांहून अधिक तरुण होती, शहरातून इथे राहायला आलेली. सरपंचबाईंनी पडद्यावर ओढ्याचे चित्र दाखवले. कुणी विचारले की डास वाढतील का. कुणी विचारले की कुत्रा फिरवायची वाट राहील ना. यान्सनबाईंनी सगळ्यांना उत्तरे दिली आणि मग म्हणाल्या, "हेर क्राट्झ यांना काही सांगायचं आहे."

वेंडेलिन पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उठला. कागद लिहून आणला होता, पण चष्मा घरी राहिला होता. त्याने तोंडीच सांगितले. शुक्रवार, ट्रक, बुंधे, माती. रुपेलने सांगितले म्हणून, पण हात माझे होते, असेही सांगितले. "होमानच्या तळघरात पाणी यायचं ते यामुळे. आल्फोन्समुळे नाही."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. मागच्या रांगेतल्या एका तरुण बाईने नवऱ्याला हळूच विचारले, "होमान कोण?" नवऱ्याने खांदे उडवले. खिडकीशी गांगोल्फ म्युलेर बसला होता, ऐंशी पार केलेला, कानात यंत्र. त्याने ते यंत्र बोटाने चाचपले, मग आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं, वेंडेलिन?" कुणीतरी म्हणाले. आवाजात चीड नव्हती, कंटाळा होता.

"पाणी अजून येतंय म्हणून," वेंडेलिन म्हणाला.

सरपंचबाईंनी आभार मानले. माहिती महत्त्वाची आहे, घरामागून नवा निचरा करून मगच पात्र उचलू, असे यान्सनबाईंनी सांगितले. इतिवृत्त लिहिणारा शाळामास्तर दोन ओळी लिहून थांबला. सरपंचबाईंनी पान उलटले. "नोंद घेतली आहे. पुढचा विषय, बसथांब्याचं छप्पर."

"थांबा," तिसऱ्या रांगेतून लीओबा म्हणाली.

ती उठली. काळा कोट घातला होता, चर्चमधून थेट आली होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"काय नोंद घेतलीत ते वाचा."

शाळामास्तरने सरपंचबाईंकडे पाहिले. मग वाचले, "जुन्या पात्रात निचऱ्याचा पाइप नसल्याचे श्री. क्राट्झ यांनी सांगितले."

"पुढे लिहा. आल्फोन्स होमानच्या कामात दोष नव्हता."

"फ्राऊ होमान," सरपंचबाई हळुवारपणे म्हणाल्या, "ते समजलं आम्हाला. पण तो आजच्या विषयात येत नाही."

"समजलं असेल तर लिहा."

गांगोल्फ म्युलेर खिडकीकडे तोंड करून खोकला आणि म्हणाला, "लिही रे. दोन शब्दांचा प्रश्न आहे."

शाळामास्तरने पेन उचलले.

"होमान," लीओबा म्हणाली. "शेवटी दोन एन. आणि नावाआधी मास्टर गवंडी लिहा. तो परीक्षा पास होता."

वेंडेलिन अजून उभाच होता. गुडघा दुखत होता, आणि खुर्ची पाठीमागे वीतभर अंतरावर होती. पण तो बसला नाही. लीओबा पेनकडे पाहत होती. पेन कागदावर सावकाश चालले होते. बाकीचे सगळे बसलेले होते. त्या सभागृहात तेवढे दोघेच उभे होते.